आरएनडीसी म्हणतं ‘रीलोड सक्सेसफुल’, पण झोन जुनाच: बाइंडमध्ये नेमकं कुठे बघायचं

प्रश्न थोडक्यात असा: बाइंड ९ (नावांचे पत्ते सांगणारा डीएनएस सर्व्हर) चालणाऱ्या प्रायमरी, म्हणजे मूळ प्रत ठेवणाऱ्या, सर्व्हरवर झोन फाइलमधले (एका डोमेनच्या नोंदींची फाइल) दोन-तीन रेकॉर्ड बदलले, बाइंडला हुकूम देणाऱ्या कमांडने ‘आरएनडीसी रीलोड’ दिलं, ‘सर्व्हर रीलोड सक्सेसफुल’ असं उत्तरही आलं. तरीही डिगमध्ये (डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड) जुनाच पत्ता दिसतो. आता सर्व्हिस रीस्टार्ट करावी का?

रीस्टार्ट करू नका, निदान फाइल तपासून होईपर्यंत तरी नाही. रीलोडच्या वेळी नवी फाइल वाचताना चूक सापडली, तर नेम्ड (बाइंडचा चालू प्रोग्रॅम) ती फाइल बाजूला ठेवतो आणि मेमरीत असलेली जुनी, चांगली प्रत पुढे चालवतो. म्हणून तुम्हाला जुनं का होईना, उत्तर मिळतंय. रीस्टार्ट केलं की मेमरीतली प्रत गेली. नेम्ड परत तीच चुकीची फाइल वाचणार, ती नाकारणार आणि त्या झोनच्या प्रत्येक प्रश्नाला सर्व्हफेल, म्हणजे ‘उत्तर देता येत नाही’, असं म्हणणार. एका रेकॉर्डची अडचण होती, ती अख्ख्या डोमेनची होऊन बसते.

दुसरी गोष्ट त्या ‘सक्सेसफुल’ची. त्याचा अर्थ एवढाच की नेम्डने कॉन्फिगरेशन फाइल वाचली, ती त्याला पटली आणि झोन लोड करायचं काम त्याने हाती घेतलं. एखादा झोन प्रत्यक्षात लोड झाला की नाही, हे त्या ओळीत नसतं, ते लॉगमध्ये असतं. एका झोनपुरतं ‘आरएनडीसी रीलोड उदाहरण.कॉम’ दिलं आणि ‘झोन रीलोड क्यूड’ असं आलं, तरी त्याचा अर्थ काम रांगेत लागलं इतकाच.

आधी तीन गोष्टी बघा. पहिली, लॉग. सिस्टीमडी असेल तर जर्नलसीटीएलला नेम्डचं युनिट देऊन शेवटची पाच मिनिटं काढा. डेबियन आणि उबुंटूवर युनिटचं नाव आवृत्तीनुसार ‘नेम्ड’ किंवा ‘बाइंड९’ असतं. कॉन्फिगरेशनमध्ये ‘लॉगिंग’ विभाग वेगळा लिहिला असेल, तर संदेश तिथे नेमलेल्या फाइलमध्ये जातात आणि जर्नल कोरं दिसतं. यावरून फसू नका. दुसरी गोष्ट:

आरएनडीसी झोनस्टेटस उदाहरण.कॉम

यात झोनचा प्रकार, नेम्ड प्रत्यक्षात कोणती फाइल वाचतोय तिचं नाव, मेमरीतला सीरियल (झोनचा आवृत्ती क्रमांक), शेवटचं लोड कधी झालं आणि झोन डायनॅमिक आहे का, हे सगळं येतं. तिसरी गोष्ट, थेट त्याच सर्व्हरला विचारलेला एसओए (झोनची मुख्य नोंद, सीरियल हिच्यातच असतो):

डिग @१२७.०.०.१ उदाहरण.कॉम एसओए +नोरिकर्स

उत्तरात ‘एए’ फ्लॅग (उत्तर झोन बाळगणाऱ्या सर्व्हरचंच असल्याची खूण) आहे का आणि सीरियल कोणता, एवढंच बघायचं. ‘@’ न लावता विचारलं तर प्रश्न रिझॉल्व्ह.कॉन्फमधल्या रिझॉल्व्हरकडे (इतरांसाठी नावं शोधून देणाऱ्या सर्व्हरकडे) जातो. तो १२७.०.०.५३ वर बसलेला सिस्टीमडी-रिझॉल्व्हड असू शकतो आणि तो आपल्या कॅशमधलं जुनं उत्तर देईल. ‘रीलोड होत नाही’ अशा कित्येक तक्रारी इथेच मिटतात.

या तिन्हींतून पुढची वाट ठरते.

लॉगमध्ये ‘नॉट लोडेड ड्यू टू एरर्स’ आहे

हा सगळ्यात सरळ प्रकार. त्या ओळीच्या वरच्या एक-दोन ओळींत खरं कारण असतं, शेवटची ओळ फक्त निकाल सांगते. फाइल सर्व्हरच्या बाहेर तपासायची ती अशी:

नेम्ड-चेकझोन उदाहरण.कॉम डीबी.उदाहरण.कॉम

शेवटी ‘लोडेड सीरियल’ आणि ‘ओके’ आलं म्हणजे फाइलचं व्याकरण बरोबर आहे. त्याच्या वर इशारे आले असतील तर तेही वाचा. ‘इग्नोरिंग आउट-ऑफ-झोन डेटा’ हा नुसता इशारा असतो, झोन लोड होतो, पण तुमचा रेकॉर्ड गुपचूप गळतो. झोन बरेच असतील, तर ‘नेम्ड-चेककॉन्फ -झेड’ दिलं की कॉन्फिगरेशनमधले सगळे प्रायमरी झोन एका झटक्यात लोड करून बघता येतात.

चुका कुठे होतात याची यादी फार लांब नाही. सगळ्यात जुनी म्हणजे नावाच्या शेवटचं टिंब. एनएस (नेमसर्व्हर), एमएक्स (मेल सर्व्हर), सीनेम (टोपणनाव) यांच्या उजव्या बाजूला पूर्ण नाव लिहिलं आणि शेवटी टिंब दिलं नाही, तर बाइंड त्याला चालू ओरिजिन (अपूर्ण नावांना लागणारं डोमेन) जोडतो आणि नाव ‘एनएस१.उदाहरण.कॉम.उदाहरण.कॉम’ असं होतं. एनएस रेकॉर्डच्या बाबतीत हे चेकझोन पकडतो, कारण झोनमधल्याच त्या नावाला ए किंवा एएएए, म्हणजे पत्त्याचा, रेकॉर्ड नसल्याचं त्याला दिसतं. झोनमधल्या साध्या सीनेमच्या बाबतीत मात्र फाइल बिनतक्रार लोड होते आणि चूक वापरणाऱ्याला सापडते.

‘सीनेम अँड अदर डेटा’ ही दुसरी नेहमीची चूक. ज्या नावाला सीनेम आहे त्याला डीएनएसएसईसीचे (डीएनएसवरच्या सह्यांचे) रेकॉर्ड सोडून दुसरं काहीही चालत नाही. झोनच्या मुळावर, म्हणजे ‘@’ वर, एसओए आणि एनएस असतातच, त्यामुळे तिथे सीनेम कधीच बसणार नाही. संदेशात दिलेला ओळ क्रमांक दोघांपैकी एका रेकॉर्डचा असतो. दुसरा तुम्हाला शोधायचा असतो आणि तो बऱ्याचदा $इन्क्लूड केलेल्या वेगळ्या फाइलमध्ये असतो.

कंस आणि अवतरणचिन्हं उघडी राहिली तर ओळ क्रमांकावर विश्वास ठेवू नका. एसओएचा कंस बंद करायला विसरलात, तर बाइंड पुढचं सगळं त्याच रेकॉर्डचा भाग समजून वाचत जातो आणि ओरडतो ते बऱ्याच खालच्या ओळीवर, कधी थेट फाइलच्या शेवटी. अशा वेळी शेवटी बदललेल्या ओळीपासून वर वाचत जा.

ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा हा खरा चोर आहे, कारण इथे चूक होते पण एरर येत नाही. पहिल्या रकान्यात स्पेस किंवा टॅब असेल, तर तो रेकॉर्ड आधीच्या ओळीतल्या नावाला लागतो. मध्ये एखादी नवी ओळ घुसवली की तिच्याखालचे सगळे निनावी रेकॉर्ड नव्या नावाला चिकटतात. $ओरिजिनचंही तसंच: तो एकदा बदलला की फाइल संपेपर्यंत किंवा पुन्हा बदलेपर्यंत लागू राहतो. अशी शंका असेल तर चेकझोनला मोठ्या लिपीतला ‘-डी’ द्या. तो पूर्ण झोन विस्तारित रूपात छापतो, प्रत्येक ओळीत पूर्ण नाव दिसतं आणि घोटाळा नजरेत भरतो.

टीएक्सटी, म्हणजे मजकुराच्या, रेकॉर्डसाठी थोडं थांबू. एका अवतरणातली स्ट्रिंग जास्तीत जास्त २५५ बाइटची असते. २०४८ बिटांची डीकेआयएम की (मेलची सही पडताळणारी) त्यात मावत नाही, ती दोन-तीन अवतरणांत तोडून एकापुढे एक लिहावी लागते. वाचणारा त्यांना मध्ये जागा न सोडता जोडतो. झोन फाइलमध्ये अर्धविराम म्हणजे कॉमेंटची सुरुवात, म्हणून डीकेआयएम आणि डीमार्कची (मेलच्या धोरणाची) मूल्यं अवतरणातच हवीत. ती मूल्यं ईमेलमधून किंवा वर्ड प्रोसेसरमधून चिकटवली, तर सरळ अवतरणांच्या जागी वळणदार अवतरणं येतात. बाइंडच्या लेखी ती अवतरणं नाहीतच, साधे बाइट आहेत. मग पहिल्या अर्धविरामापाशी रेकॉर्ड संपतो, पुढचं सगळं कॉमेंट ठरतं आणि झोन मजेत लोड होतो. फाइल वरवर अगदी ठीक दिसते. चेकझोनही ‘ओके’ म्हणतो. बदललेला टीएक्सटी म्हणूनच लोड झाल्यावर डिगने वाचून मूळ मूल्याशी ताडून बघावा.

‘बॅड ओनर नेम’ आलं तर नावात अंडरस्कोअर आहे का बघा. ए, एएएए आणि एमएक्स रेकॉर्डच्या नावात तो चालत नाही आणि प्रायमरीवर ही तपासणी मूळच्या सेटिंगनुसार झोनच नाकारते. टीएक्सटी आणि एसआरव्हीला (सेवा कुठे आहे ते सांगणारा रेकॉर्ड) ही अट नाही.

फाइलला हातही लावला नाही आणि पॅकेज अपग्रेडनंतर झोन लोड होणं थांबलं, असंही होतं. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ९.१८.२८ आणि ९.२० पासून एका नावाला एका प्रकारचे १०० पेक्षा जास्त रेकॉर्ड मूळच्या मर्यादेत बसत नाहीत. सीव्हीई-२०२४-१७३७ या त्रुटीवरचा तो उपाय आहे. शेकडो पीटीआर (पत्त्यावरून नाव सांगणारे) किंवा ए रेकॉर्ड एकाच नावावर ठेवणारे झोन यात अडकतात. ‘मॅक्स-रेकॉर्ड्स-पर-टाइप’ वाढवून ते चालवता येतात, पण इतके रेकॉर्ड खरंच लागतात का, हे आधी बघावं. ९.२० मध्ये ‘ऑटो-डीएनएसएसईसी’ हा पर्यायही काढून टाकला आहे. तो कॉन्फिगरेशनमध्ये राहिला असेल तर झोनपर्यंत गाडी जातच नाही, कॉन्फिगरेशनच नाकारलं जातं. कॉन्फिगरेशन नाकारलं गेलं की चालू नेम्ड जुन्या सेटिंगवरच राहतो, त्यामुळे नव्याने लिहिलेला झोन त्याला माहीतच नसतो.

‘परमिशन डिनाइड’

चेकझोन रूट म्हणून चालवलं की फाइल वाचता येणारच, पण नेम्ड रूट नसतो. रेड हॅटच्या कुळात तो ‘नेम्ड’ या युजरने चालतो, डेबियनच्या कुळात ‘बाइंड’ या युजरने. म्हणून हीच तपासणी सुडो -यू लावून त्या युजरने करा. कडक यूमास्क असलेल्या शेलमधून फाइल नव्याने तयार झाली किंवा एडिटरने जुनी हटवून नवी ठेवली, की मालकी किंवा मोड बदलतो. ‘रूट:नेम्ड’ मालकी आणि ६४० मोड साध्या झोनला पुरतो. वरच्या प्रत्येक डिरेक्टरीवर त्या युजरला एक्झिक्यूट परवानगी हवी, हे लोक विसरतात.

परवानग्या बरोबर असूनही नकार येत असेल तर एसईलिनक्स किंवा अॅपआर्मर (लिनक्सवरचे परवानग्यांपलीकडचे पहारेकरी). होम डिरेक्टरीतून फाइल ‘एमव्ही’ने हलवली तर ती आपलं जुनं लेबल बरोबर घेऊन येते. ‘सीपी’ने नेली तर तिला सहसा नव्या डिरेक्टरीचं लेबल मिळतं. ‘एलएस -झेड’ने लेबल बघा आणि ‘रिस्टोरकॉन -व्ही’ चालवा. नकार झाला होता का, हे ‘ऑसर्च -एम एव्हीसी’ सांगतो. कृपा करून एसईलिनक्सच बंद करून टाकू नका, एका लेबलसाठी तो उपाय नव्हे. उबुंटूवर अॅपआर्मरच्या प्रोफाइलमध्ये ठरावीक डिरेक्टरीच आहेत: एटसीखालची बाइंड वाचण्यासाठी, व्हारखालच्या लिबमधली बाइंड आणि कॅशमधली बाइंड लिहिण्यासाठी. झोन ‘ऑप्ट’ किंवा ‘एसआरव्ही’ या डिरेक्टरीखाली ठेवायचेच असतील, तर प्रोफाइलच्या लोकल फाइलमध्ये तो मार्ग लिहून प्रोफाइल पुन्हा लोड करावं लागतं.

लॉगमध्ये काहीच नाही

हा प्रकार जास्त छळतो. ‘झोन रीलोड अप-टू-डेट’ असं उत्तर आलं, तर नेम्डच्या मते फाइल बदललेलीच नाही. तो फाइलची बदलवेळ शेवटच्या लोडच्या वेळेशी ताडतो आणि ती जुनी असेल तर फाइल उघडतच नाही. ‘आरसिंक -ए’, ‘सीपी -पी’ किंवा टारमधून काढलेली फाइल आपली मूळ वेळ घेऊन येते. काल लिहिलेली फाइल आज सर्व्हरवर पोचली आणि मध्ये एकदा झोन लोड झालेला असेल, तर ती वगळली जाते. उपाय एका शब्दाचा आहे, फाइलवर ‘टच’ चालवा आणि रीलोड करा. सीरियलचा इथे संबंध नाही. सीरियल न वाढवताही प्रायमरी नवी फाइल लोड करतो, फक्त ‘सीरियल अनचेंज्ड’ अशी कुरकुर करतो. सीरियलचा फटका सेकंडरीवर (प्रायमरीची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर) बसतो, ते पुढे येईलच.

वेळ ठीक असेल तर तुम्ही भलतीच फाइल बदलत आहात का ते बघा. झोनस्टेटसमधलं फाइलचं नाव सापेक्ष असेल, तर ते कॉन्फिगरेशनमधल्या ‘डिरेक्टरी’ पर्यायापासून मोजायचं. $इन्क्लूडचे सापेक्ष मार्गही तिथूनच, झोन फाइल जिथे आहे तिथून नाहीत. क्रूट (नेम्डला एकाच डिरेक्टरीत कोंडणं) असेल तर सगळंच त्या डिरेक्टरीच्या आतून. पीएसमध्ये नेम्डची पूर्ण कमांड बघा: ‘-टी’ असेल तर क्रूट आहे, ‘-सी’ असेल तर कॉन्फिगरेशन फाइल वेगळी आहे. त्या वेळी चेककॉन्फलाही तोच ‘-टी’ द्यायला हवा.

‘आरएनडीसी रिकॉन्फिग’ दिलं होतं का, हेही आठवा. तो कॉन्फिगरेशन वाचतो आणि नवे झोन जोडतो. आधीच लोड असलेल्या झोनची फाइल बदलली असली तरी तिच्याकडे बघत नाही.

व्ह्यू (विचारणाऱ्यानुसार वेगळं उत्तर) वापरत असाल तर नुसतं झोनचं नाव पुरत नाही. एकच झोन दोन व्ह्यूंत असेल तर आरएनडीसी तक्रार करतो. झोनच्या नावानंतर ‘आयएन’ हा क्लास आणि मग व्ह्यूचं नाव द्यायचं. दोन्ही व्ह्यूंच्या फाइली वेगळ्या असतील आणि बदल एकीतच केला असेल, तर डिग कुठून चालवता यावर उत्तर ठरेल.

झोन डायनॅमिक असेल तर

झोनस्टेटसमध्ये ‘डायनॅमिक: येस’ असेल तर आतापर्यंतचं बरंचसं बाजूला ठेवा. ‘अलाउ-अपडेट’ किंवा ‘अपडेट-पॉलिसी’ लिहिलेल्या झोनचे बदल आधी .जेएनएल या जर्नलमध्ये जातात आणि मूळ फाइलमध्ये मागाहून उतरतात. अशी फाइल हाताने बदलून रीलोड दिलं तर ‘रीलोड फेल्ड: डायनॅमिक झोन’ असं स्पष्ट सांगितलं जातं. त्याहून वाईट म्हणजे तुम्ही लिहिलेलं नेम्ड पुढच्या वेळी जर्नल उतरवताना पुसून टाकू शकतो. बरोबर क्रम असा: ‘आरएनडीसी फ्रीझ’ आणि झोनचं नाव, मग फाइल उघडून बदल, सीरियल वाढवणं, चेकझोन, आणि शेवटी ‘आरएनडीसी थॉ’. फाइल फ्रीझनंतरच उघडा. आधी उघडून ठेवलीत तर एडिटरमध्ये जर्नल उतरण्यापूर्वीची प्रत असते आणि ती सेव्ह केली की मधले अपडेट गेले. फ्रीझ असेपर्यंत येणारे डायनॅमिक अपडेट नाकारले जातात, तेव्हा डीएचसीपी सर्व्हर (यंत्रांना पत्ते वाटणारा) नावं लिहीत असेल तर काम पटकन उरका. थॉ विसरणारे बरेच असतात.

फ्रीझ न करता कोणी फाइल बदलून रीस्टार्टही केलं असेल, तर लॉगमध्ये ‘जर्नल रोलफॉरवर्ड फेल्ड: जर्नल आउट ऑफ सिंक विथ झोन’ दिसेल आणि झोन लोड होणार नाही. आता निर्णय घ्यायचा: जर्नलमधले बदल हवेत की फाइलमधले? जर्नलमध्ये काय आहे ते ‘नेम्ड-जर्नलप्रिंट’ने वाचा, हवे ते रेकॉर्ड फाइलमध्ये हाताने लिहा, सीरियल जर्नलमधल्या शेवटच्या सीरियलच्याही पुढे न्या, .जेएनएल दुसरीकडे हलवा आणि लोड करा. थेट डिलीट करू नका, हलवा. झोन चालू स्थितीत असेल आणि जर्नल नुसतं मोकळं करायचं असेल, तर ‘आरएनडीसी सिंक -क्लीन’ तेच काम सुरक्षितपणे करतो.

इनलाइन सायनिंग (नेम्ड स्वतःच झोनवर सही करतो) असलेल्या झोनमध्ये तुम्ही सही नसलेली फाइल बदलता आणि जगाला दिसते ती .साइन्ड आवृत्ती. तिचा सीरियल वेगळा आणि बहुधा पुढे असतो, त्यामुळे डिगमधला सीरियल फाइलशी जुळला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. पण इथे मूळ फाइलचा सीरियल वाढवायलाच हवा, नाहीतर बदल सहीच्या आवृत्तीत उतरत नाही. .साइन्ड फाइल हाताने कधीही बदलू नका.

आरएनडीसीच बोलत नाही

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि पोर्ट ९५३ म्हणजे नेम्ड बंद आहे किंवा ‘कंट्रोल्स’ विभाग रिकामा ठेवला आहे. ‘कनेक्शन टू रिमोट होस्ट क्लोज्ड’ म्हणजे बहुतेक वेळा की जुळत नाही. आरएनडीसी.कॉन्फ आणि आरएनडीसी.की या दोन्ही फाइली असतील तर आरएनडीसी पहिली वापरतो, नेम्ड मात्र दुसरी धरून बसलेला असू शकतो. एकच ठेवा. आरएनडीसी दुसऱ्या यंत्रावरून चालवत असाल तर दोन्हींची घड्याळंही तपासा, त्यांत फरक असला तरी हाच संदेश येतो. अडलंच तर नेम्डला सिगहप पाठवला की रीलोडच होतं.

प्रायमरी नवा, जग जुनं

प्रायमरीवर नवा सीरियल दिसतोय तर तुमचं रीलोड झालं. पुढचा प्रश्न सेकंडरीचा. ‘डिग +एनएससर्च उदाहरण.कॉम’ सगळ्या नेमसर्व्हरांचे एसओए एकदम दाखवतो. मागे राहिलेल्या सेकंडरीच्या लॉगमध्ये ‘रिफ्यूज्ड नोटिफाय’ (बदलाची सूचना नाकारली) आहे का, किंवा प्रायमरीच्या ‘अलाउ-ट्रान्सफर’मध्ये त्याचा पत्ता आहे का, ते बघा. त्यातलं काही नसेल तर सीरियल. सेकंडरी स्वतःपेक्षा मोठा सीरियल दिसल्याशिवाय झोन ओढत नाही.

सीरियल ३२ बिटांचा, म्हणजे कमाल ४२९४९६७२९५. २०२५०६१५०१ या तारखेच्या रूपात एक अंक जास्त पडला तर तो मावतच नाही आणि फाइल नाकारली जाते. २०२५ च्या जागी २०५२ पडलं तर मात्र सगळीकडे विनातक्रार पसरतं आणि दुसऱ्या दिवशी खरी तारीख घातली की ती मागे गेलेली ठरते. सेकंडरी तुमच्याच ताब्यात असतील तर प्रत्येकावर ‘आरएनडीसी रीट्रान्सफर’ द्या, तो सीरियल न बघता झोन ओढतो. दुसऱ्याच्या ताब्यात असतील तर आरएफसी १९८२ (सीरियलच्या तुलनेचं मानक) चं गणित: चुकीच्या २०५२०६१५०१ मध्ये २१४७४८३६४७ मिळवा, ४१९९५४५१४८ येतात. तो सीरियल लावून रीलोड करा, सगळ्या सेकंडरींनी तो उचलल्याची खात्री करा आणि मग २०२५०६१५०२ लावा. तुलना गोल फिरते, त्यामुळे तो पुढचाच मानला जातो. मधली खात्री गाळली तर मागे राहिलेला सेकंडरी अडकूनच पडतो.

सेकंडरीवर फाइल उघडून बघायला जाल तर कचरा दिसेल. बाइंड ९.९ पासून सेकंडरी झोन रॉ (बायनरी) स्वरूपात साठवतो. ‘नेम्ड-कंपाइलझोन’ला ‘-एफ’ने आतलं आणि मोठ्या लिपीतल्या ‘-एफ’ने बाहेरचं स्वरूप देऊन तो मजकुरात काढता येतो.

सगळे नेमसर्व्हर एकमताचे असूनही वापरणाऱ्यांना जुनं दिसत असेल, तर ते त्यांच्या रिझॉल्व्हरमधलं कॅश आहे आणि जुन्या रेकॉर्डचा टीटीएल (उत्तर साठवून ठेवायची मुदत) संपेपर्यंत ते तसंच राहील. आता टीटीएल कमी करून उपयोग नाही, तो बदलाच्या आधी कमी करायचा असतो. नवं नाव जोडण्यापूर्वी कोणी ते विचारून बघितलं असेल तर ‘असं नाव नाही’ हे उत्तरही कॅश होतं. एसओएचा स्वतःचा टीटीएल आणि त्यातला शेवटचा आकडा, यांपैकी जो लहान असेल तितका वेळ ते टिकतं. त्या आकड्यात कोणी एक दिवस, म्हणजे ८६४०० लिहिला असेल, तर बाइंडचे रिझॉल्व्हर मूळच्या सेटिंगनुसार ३ तासांत ते विसरतात. बाकीच्यांवर तुमचा ताबा नाही.